स्वस्त माइकचं दुखणं

स्वस्त कंडेन्सर माइकला नावं ठेवणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात. पहिले म्हणतात, फेकून दे गं तो, चांगल्यातला घे. दुसरे म्हणतात, उघड, आतलं सगळं बदल, आणि मग बघ कसा लाखाच्या माइकसारखा वाजतो ते! मला दोघांचंही पटत नाही. पहिल्यांना दुसऱ्याच्या खिशाची काळजी नाही आणि दुसऱ्यांना आजार न ओळखता औषध द्यायची घाई आहे.

माझं मत असं की स्वस्त माइक सुधारता येतो आणि जरूर सुधारावा. पण तो कानाला का टोचतो हे आधी समजून घ्यावं. ते कळलं की कामही थोडं उरतं आणि खर्चही.

आता जरा इतिहास. (कंटाळू नका, गंमत यातच आहे.) बर्लिनच्या नॉयमन कंपनीने १९६० मध्ये यू ६७ नावाचा माइक आणला आणि १९६७ मध्ये यू ८७. त्यांच्यातली कॅप्सूल, म्हणजे आवाज झेलणारी सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या पडद्याची चकती, मुद्दाम अशी बनवली होती की तिने उच्च कंप्रतेचे आवाज थोडे जास्त उचलावेत. मग पुढच्या सर्किटमध्ये तो जास्तीचा भाग तेवढाच खाली आणायचा. असं केलं की सर्किटची स्वतःची खरखरही त्याबरोबर कमी होते. आमटीत मीठ मुद्दाम जास्त घालावं, कारण नंतर तिच्यात बिनमिठाची डाळ पडणार आहे, तसं हे गणित.

पुढे चीनमध्ये स्वस्त माइक बनायला लागले तेव्हा कित्येकांनी कॅप्सूल या ६७ च्या वळणाची घेतली, आणि सर्किट घेतलं शोएप्स या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या धर्तीवरचं. ते साधं, सुटसुटीत, ट्रान्सफॉर्मर नको, स्वस्तात बसणारं. पण ते आलेला आवाज जसाच्या तसा पुढे पाठवतं, वरचं काही छाटत नाही. म्हणजे खारट आमटी आली, डाळ राहिली! दोन्ही घराणी उत्तम, पण जोडा जमला नाही. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात ते उगाच नाही.

मराठीला या टोचणीचा त्रास जरा जास्तच होतो असं मला वाटतं. आपल्याकडे 'स' आणि 'श' आहेतच, वर 'चूल', 'चमचा', 'पाच' यांतला तो दातांवर घासणारा 'च' आणि 'जरा', 'माझा' यांतले त्याचे भाऊबंद. या सगळ्या उच्चारांचा जीव त्या वरच्या पट्ट्यातच असतो. नेमका तोच पट्टा माइकने फुगवला, की साधं 'पाच चमचे साखर' म्हटलं तरी कोणी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतं.

हे मी एवढ्या तळमळीने का लिहितेय? तर आमच्या आत्यामुळे. ती आता ८४ वर्षांची आहे. तिच्या आईकडून जात्यावर शिकलेल्या ओव्या तिला येतात, आणि त्या आमच्या घरात दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. गेली काही वर्षं दर गणपतीत कोणीतरी म्हणतं, "अरे, आत्याचं रेकॉर्डिंग करायला हवं, चांगला माइक आणूया." चांगला माइक काही येत नाही. दरम्यान तिची एक ओळ पूर्वी एका श्वासात व्हायची, ती आता दोन श्वासांत होते. माझ्या स्वस्त माइकवर जे थोडं मुद्रण केलं, त्यात तिचा 'स' इतका टोकदार आला की भाचरांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. उद्या तिच्या आवाजाची एवढीच खूण उरणार असेल, तर ती ऐकवणारी असायला हवी ना?

म्हणून मी ठरवलेला क्रम सांगते. पैशाचं काम शेवटी आहे, हे मुद्दाम.

सगळ्यात आधी खोली. रिकाम्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत लाखाचा माइकही रडतो. दोन-चार गोधड्या टांगा, माइक वीतभर अंतरावर आणि तोंडाच्या किंचित बाजूला ठेवा. अर्धी टोचणी इथेच जाते.

मग कॉम्प्युटरवर इक्वलायझर लावून वरचा पट्टा हळूहळू खाली आणा. इथे एक जण हमखास म्हणतो, "मग सोल्डरिंग कशाला? हेच करत राहा की!" आक्षेप रास्त आहे. नुसता वरचा पट्टा जास्त असणं एवढंच दुखणं असेल तर इक्वलायझर पुरतो, आणि तो फुकट आहे. मी तर त्याला तपासणीच म्हणते. आवाज सुधारला, तर निदान पक्कं. सुधारला नाही, म्हणजे खरखर आहे किंवा आवाज फाटतोय, तर मात्र माइक उघडावा लागेल.

उघडल्यावर आधी बघा की आत नक्की आहे काय. बीएम-८०० या नावाने विकल्या गेलेल्या बऱ्याच माइकांत मोठ्या जाळीच्या आड बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल निघते. तिला वरची ६७ ची कथा लागू नाही. तिथे कॅप्सूल बदलणं हाच खरा उपाय. मोठी कॅप्सूल असेल तर जाळीकडे बघा. दोन-तीन थर असतील तर आतले काढा, बाहेरचा राहू द्या, कारण तोच विजेची गुणगुण अडवतो. जाळीच्या आत आवाज आपटून परत येणं कमी होतं. 'फ' आणि 'भ' चे फुत्कार मात्र वाढतील, त्यासाठी समोर पॉप फिल्टर हवा.

त्यानंतर खरी शस्त्रक्रिया. एक तर सर्किटमध्ये योग्य जागी छोटा कपॅसिटर घालून वरचा पट्टा छाटायचा, म्हणजे राहिलेली डाळ आमटीत घालायची. नाहीतर मुळातच सौम्य अशी के ४७ धर्तीची कॅप्सूल बसवायची. आवाजाच्या वाटेवरचे सिरॅमिक कपॅसिटर काढून पॉलिस्टायरीनचे किंवा फिल्मचे लावणंही योग्य, पण त्याने होणारा फरक बारीक असतो. 'सगळे भाग बदला' म्हणणारे नेमका हा बारीक फरक मोठा करून सांगतात. टोचणी कॅप्सूल आणि सर्किटच्या बेबनावातून आलेली असताना महागडे कपॅसिटर बदलत बसणं म्हणजे पाय मोडलेल्याला डोळ्यांचे थेंब.

एक इशारा आपल्या हवेसाठी. कॅप्सूलच्या मागच्या भागात १ गिगाओहम, म्हणजे १०० कोटी ओहमचे रेझिस्टर असतात. तिथे बोटाचा घाम, फ्लक्सचा डाग किंवा पावसाळ्यातली ओल पुरेशी असते. वीज पाझरते आणि माइक तडतडायला लागतो. तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पडद्याला मात्र बोट लावू नये, आणि जून ते सप्टेंबर माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवावा. शिवाय ४८ व्होल्टच्या फँटमची वायर काढून पाच मिनिटं थांबल्याशिवाय आत हात घालू नये. आणि व्हॅक्यूम ट्यूबवाल्या माइकांच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यातला दाब जिवावर बेतू शकतो.

एवढं करून माझा माइक यू ८७ होणार का? नाही. आणि व्हायलाही नको. आत्याचा 'स' आत्याचा वाटला, की त्याचं काम झालं.

घरच्यांपैकी जे हे वाचतायत त्यांना (दादा, तुलाच म्हणतेय!) एक विनंती. कपॅसिटर यायचे तेव्हा येतील. तोवर गोधड्या आहेत, इक्वलायझर आहे, आणि आत्या सकाळच्या चहानंतर तासभर छान गाते. या रविवारी या सगळे. माइक मी आणते, जसा आहे तसा.