लिलावाची बोली आणि वस्तूची मालकी

जुन्या नक्षीदार फर्निचरचा व दुर्मिळ वस्तूंचा शौक हा संस्थानिकांचा आणि पेढीवाल्यांचा विषय, अशी आपल्या समाजाची समजूत होती व ती खोटीही नव्हती. ज्यांच्या घरात वडिलोपार्जित खुर्चीच नव्हती, त्यांस अशा खुर्चीला बाजारात काय मोल येते हे कळण्याचे कारण नव्हते. आता परिस्थिती पालटली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नोकरीपेशातील बौद्ध कुटुंबे स्वतःची घरे घेत आहेत. नव्या घरात एखादे शिसवी कपाट असावे, एखादी जुनी आरामखुर्ची असावी, तथागतांची एखादी प्राचीन मूर्ती असावी, अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न होऊ लागली आहे. या इच्छेत आम्हांस वावगे काही दिसत नाही. परंतु अशा वस्तू बहुधा लिलावात मिळतात, आणि लिलाव हे असे ठिकाण आहे की तेथे कष्टाची कमाई एका मिनिटात परहस्ते जाते. म्हणून दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लिलाव हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होता तो निराळ्या अर्थाने. सावकाराने हुकूमनामा मिळवावा, बेलिफाने दारात उभे राहावे आणि घरातील चीजवस्तू चव्हाट्यावर पुकारली जावी, एवढाच त्या शब्दाशी त्यांचा संबंध. वास्तविक १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० असे सांगते की, ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरूण-पांघरूण, तसेच कारागिराची हत्यारे जप्त करून विकता येत नाहीत. हे कलम आजही जिवंत आहे. ज्यास ते ठाऊक होते त्याने आपली भांडी वाचविली; ज्यास ठाऊक नव्हते त्यास विचारणार कोण? आज आपण त्याच लिलावात बोली लावणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत. रांग बदलली तरी कायदा ठाऊक असण्याची गरज संपलेली नाही.

तो कायदा १९३० चा मालविक्री अधिनियम होय. त्याचे कलम ६४ लिलावाविषयी आहे, आणि आमच्या मते बोली लावणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचलेले असावे. लिलाव पुकारणारा हातोडा टाकीपर्यंत अथवा रिवाजाप्रमाणे विक्री पुरी झाल्याचे जाहीर करीपर्यंत सौदा होत नाही. तोवर कोणासही आपली बोली मागे घेता येते. पुष्कळ लोक भिडेपोटी किंवा चारचौघांत हसे होईल या भीतीने मागे हटत नाहीत. ही भीड व्यर्थ आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आपण स्वतःही बोली लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे असे विक्रेत्याने आधी जाहीर केले नसेल, तर त्यास स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावता येत नाही. तसे केल्यास खरेदीदार ती विक्री कपटाची समजू शकतो. किंमत चढविण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल, तर विक्री रद्द करणे हे खरेदीदाराच्या मर्जीवर आहे. मागच्या बाकावरचा कोणी मनुष्य दर वेळी आपल्यापेक्षा थोडी जास्त बोली लावून शेवटी गप्प बसतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास या तरतुदीचे मोल सांगावयास नको.

मात्र एक गोष्ट हातोड्याच्या हाती नाही. हातोडा मालकी निर्माण करीत नाही. याच अधिनियमाचे कलम २७ सांगते की, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्याची मालकी जेवढी, त्याहून चांगली मालकी घेणाऱ्यास मिळत नाही. वस्तू चोरीची असेल तर पैसे देऊनही ती आपली होत नाही. ती चोरीची आहे हे जाणून, अथवा तसे मानण्यास कारण असताना, जो घेतो तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो. तेव्हा बोली लावण्यापूर्वी पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ही वस्तू आली कोठून, कोणाच्या घरातून, कोणत्या कागदाने, हे आधी विचारावे. उत्तर न मिळाल्यास उठून यावे.

आता फर्निचरकडे वळू. उल्हासनगर कॅम्प २ चा फर्निचर बाजार दूरवर प्रसिद्ध आहे, परंतु तो मुख्यतः नव्या मालाचा. जुन्या मालासाठी येथील माणूस ओशिवऱ्यास किंवा मुंबईच्या चोर बाजारात जातो, अथवा हल्ली मोबाईलवरून लिलावगृहात बोली लावतो. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार वस्तू निदान शंभर वर्षांची असेल तरच ती पुरावशेष ठरते. ज्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित बंधूंनी संसार थाटले आणि १९४९ साली जिचे उल्हासनगर असे नामकरण झाले, ती छावणीच दुसऱ्या महायुद्धातील. तेव्हा 'कॅम्पातील इंग्रजांचे टेबल' म्हणून कोणी पुरातन वस्तूची किंमत सांगू लागल्यास गणित आपणच करावे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचे जे दाट नक्षीचे फर्निचर होत असे, त्यास आजही मोठी मागणी आहे, आणि जेथे मागणी तेथे नक्कल. कपाटाची पुढली बाजू सर्वच पाहतात. आपण पाठ पाहावी. पाठीस प्लायवुड असेल किंवा फुलीची खाच असलेले स्क्रू असतील, तर ते शंभर वर्षांपूर्वीचे काम नव्हे, किंवा मागाहून हात फिरवलेले आहे. खण बाहेर काढून तळ तपासावा. हाताच्या कामात सांध्यांची मापे थोडी कमीअधिक असतात, यंत्राच्या कामात ती तंतोतंत सारखी असतात. वापराची झीज हात लागतो तेथे व तळाशी असावयास हवी. ती सर्वत्र सारखी असेल तर ती काचकागदाची. हस्तिदंताचे जडावकाम दिसल्यास हात आखडावा, कारण १९७२ चाच वन्यजीव संरक्षण अधिनियम त्या व्यापाराच्या आड येतो. शिवाय पुकारलेली किंमत ही शेवटची किंमत नसते. लिलावगृहाचे कमिशन, त्यावरील कर आणि वाहतूक हा बोजा वर चढतो. तो आधी लिहून काढावा, आणि मगच आपली मर्यादा ठरवावी.

मूर्तींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लिलावांच्या सूचीत दगडी बुद्धमस्तके दिसतात. धडावेगळे झालेले मस्तक विकावयास आले म्हणजे कोठल्या तरी विहारात किंवा लेण्यात शिर नसलेली मूर्ती उभी असण्याचा संभव आहे, हे बौद्ध घराने तरी विसरू नये. अशा शिल्पांची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे, आणि मालकी हस्तांतरित झाल्यास तेही नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. यात कसूर केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड होऊ शकतो व वस्तूही सरकारजमा होऊ शकते.

कोठून आली, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पिप्रहवाचे. आज उत्तर प्रदेशच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात असलेल्या या ठिकाणी १८९८ च्या जानेवारीत विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खोदला. दगडी पेटीत अस्थी, करंडक आणि असंख्य रत्ने निघाली. एका करंडकावरील ब्राह्मी लेखात या अस्थी भगवान बुद्धांच्या असल्याचे कोरलेले होते. सरकारने १८७८ च्या गुप्तधन कायद्याचा आधार घेऊन ठेवा आपला म्हटला. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात आली, आणि दुबार नमुने म्हणून काही भाग पेपे यांच्याकडेच राहू दिला. तोच भाग त्यांच्या वंशजांनी ७ मे २०२५ रोजी हाँगकाँग येथे सोदबीज या लिलावगृहात विक्रीस काढला. जगभरातून बौद्धांनी हरकत घेतली, भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, आणि लिलाव पुढे ढकलला गेला. ३० जुलै २०२५ रोजी रत्ने मायदेशी परतल्याचे जाहीर झाले. मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली होती, आणि त्यांतील मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयास देण्याचे ठरले.

ज्यांनी पैसा खर्चिला त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. तथापि कायद्याच्या नजरेने पाहता ही रत्ने विकत घ्यावी लागली, हक्काने परत मिळाली नाहीत. १९७२ चा अधिनियम त्यापूर्वी देशाबाहेर गेलेल्या मालापर्यंत पोहोचत नाही, आणि युनेस्कोचा १९७० चा करारही मागील काळास लागू होत नाही. नागपूरकर रघुजी भोसले यांच्या तलवारीचेही तेच झाले. महाराष्ट्र शासनाने ती २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात घेतली. वाहतूक व विमा धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. सरकारासही अखेर बोलीच लावावी लागते, तेथे आपण कुटुंबवत्सल माणसांनी किती सावध असावे?

खरेदीविषयी इतके पुरे. विक्रीची एक बाजू मात्र उरते, आणि ती आपल्या घरात घडते. धम्मदीक्षेनंतर देव्हारा उतरविला म्हणजे त्यातील चांदीचे टाक, पितळेच्या मूर्ती मोडीत निघतात, आणि जुना माल घेणारा त्या वजनावर नेतो. महाराष्ट्रातील असे जुने टाक पुढे परदेशी लिलावांत कलावस्तू म्हणून चढ्या भावाने विकले जातात. ज्यांस त्या वस्तू घरात नको आहेत त्यांनी त्या अवश्य काढाव्यात. परंतु छायाचित्र घेऊन, जाणकारास दाखवून आणि पावती घेऊन. शंभर वर्षांवरील धातुमूर्तीस नोंदणीचा नियम लागू आहे, हेही ध्यानात असावे.

कागदपत्रांची गोष्ट याहून निकडीची आहे. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास व दस्तऐवजास कायदा शंभर नव्हे तर ७५ वर्षेच मोजतो. 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा. त्यांचा एखादा अंक कोणाच्या पेटीत असेल तर ती मर्यादा त्याने केव्हाच ओलांडली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेची निमंत्रणे, छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे २०३१ साली ती ओलांडतील. रद्दीवाला हे कागद किलोच्या भावाने नेतो. ज्यांच्या घरी ते असतील त्यांनी तारखेनिशी यादी करावी, लोखंडी पेटीऐवजी कोरड्या कागदी पाकिटांत ते ठेवावेत, आणि विकण्याचा विचार आलाच तर पहिली विचारणा एखाद्या संग्रहालयाकडे करावी.