लाल रेघेचा अर्थ

गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात उभा असता माझ्यापुढच्या एका गृहस्थांनी, नाकावरचा रुमाल न काढताच, "सेफिक्झाइम दोनशेच्या चार गोळ्या द्या," असे सांगितले आणि दुकानदाराने चिठ्ठीची विचारपूस न करता दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून त्यांच्या हाती ठेवल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये असे बजावणारी उभी लाल रेघ उरलेल्या सहा गोळ्यांकडेच राहिली.

ही गोळी शरीरात जाऊन नेमके काय करते, हे त्या गृहस्थांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ती खचित मागितली नसती, असे मला वाटते. जिवाणूच्या पेशीत आतून बाहेर रेटणारा दाब मोठा असतो, आणि तो सोसता यावा म्हणून शर्करेच्या लांब साखळ्या अमिनो आम्लांच्या आडव्या दुव्यांनी एकमेकींत गुंतवून तिने आपल्याभोवती एक भित्तिका विणलेली असते. हे दुवे जोडणाऱ्या विकराला पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील सेफिक्झाइम असे काही चिकटून बसतात की त्याचे काम कायमचे थांबते. वाढता जिवाणू जुनी वीण उसवीत राहतो, नवी मात्र जुळत नाही, आणि अखेर आतल्या दाबानेच तो फुटतो. मनुष्याच्या पेशीला अशी भित्तिकाच नसल्यामुळे तिला या आघाताची झळ लागत नाही.

शत्रूपाशी आहे आणि आपल्यापाशी नाही, किंवा आहे पण निराळ्या घडणीचे आहे, असे मर्मस्थान हुडकणे, हेच या साऱ्या विद्येचे सार होय. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन आणि अझिथ्रोमायसिन ही जिवाणूच्या प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमला गाठतात, सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराला अडविते, तर रिफाम्पिसिन डीएनएवरून आरएनएची नक्कल होऊ देत नाही. सल्फा औषधांची युक्ती मला सर्वांत मनोहर वाटते: फोलिक आम्ल आपल्याला मेथी-पालकासारख्या भाज्यांतून आयते मिळते, पुष्कळशा जिवाणूंना ते स्वतःच तयार करावे लागते, आणि सल्फा नेमकी तीच घडण बंद पाडते.

सर्दी होते ती विषाणूंमुळे. विषाणूला भित्तिका नाही आणि स्वतःचा रायबोसोमही नाही. म्हणजे त्या चार गोळ्यांना प्रहार करावयास तेथे स्थानच नाही. प्रहार होतो तो आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंवर, आणि त्यांतून जे तगतात त्यांच्यापाशी औषधाच्या रेणूतील कडेच तोडणारे विकर असू शकते, ज्याची जनुकीय सनद ते शेजारच्या रोगकारक जिवाणूच्याही स्वाधीन करू शकतात. पेनिसिलिन तोडणाऱ्या अशा विकराचे वर्णन अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे हे औषध सर्रास वापरात येण्यापूर्वी, केले होते. आणि अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतात हा इशारा फ्लेमिंगने १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता.

कायदा नाही असे नाही. औषधविषयक नियमांतील एच-१ या परिशिष्टाचा अंमल २०१४ च्या मार्चपासून सुरू आहे, सेफिक्झाइम त्यात मोडते, आणि अशा औषधाची विक्री करताना चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे दप्तरी ठेवण्याची सक्ती दुकानदारावर आहे. डॉक्टरांची फी आणि बुडणारी रोजंदारी यांचा हिशेब करून थेट दुकान गाठणाऱ्या गरिबाला मी दोष देणार नाही. त्याला सरकारी दवाखान्यात वेळेवर डॉक्टर भेटावा, याची तजवीज सरकारनेच केली पाहिजे. परंतु पैसे घेऊन बिनचिठ्ठीची पट्टी कापून देणाऱ्याला ही सबब लागू पडत नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी दुकानाची तपासणी करताना केवळ भिंतीवरचा परवाना पाहून परतू नये; खरेदीची बिले, शिल्लक माल आणि ही वही एकमेकांशी ताडून पाहावी, आणि जेथे मेळ बसणार नाही तेथे परवाना स्थगित करावा.