तायी आणि ताई

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या गल्लीत, कुक्करहळ्ळी तळ्यावरचा वारा अजून गार असतो अशा सकाळच्या प्रहरी, दोन तरुण मुली नोंदवह्या घेऊन दारोदार फिरताना दिसल्या, आणि चौकशीअंती कळले की त्या आरोग्यसेविकेचे शिक्षण घेत असून पाहणीच्या सरावासाठी त्यांना या भागात धाडण्यात आले आहे. आम्हां पेन्शनरांच्या रक्तदाबाची त्यांनी मोठ्या आस्थेने नोंद केली. (या वस्तीत रक्तदाब हा व्याधीपेक्षा संभाषणाचाच विषय अधिक.) परंतु मागच्या बांधकामावरील पत्र्याच्या शेडकडे त्या वळल्या तेव्हा गाडे अडले, कारण तेथील गर्भार बाई बीडकडची, तिला कन्नड येईना आणि मुलींना मराठी. दुभाष्याची कामगिरी ओघानेच माझ्याकडे आली.

"तायी कार्ड इदेया?" मुलीने विचारले. कर्नाटकात गर्भवतीला मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेचे हे नाव, आणि कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. त्या बाईच्या कानी मात्र पडली ती आपली ताई. "थोरली ताई गावाकडं हाय, काका. तिचं कार्ड कशाला?"

हसू आले, पण सातवा महिना सरत आला तरी धनुर्वाताची एक सुईसुद्धा टोचलेली नाही हे ऐकल्यावर ते ओसरले.

बाहेरून आलेल्या शिकल्या मुलींचे असे अडणे नवे नाही. १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम आरंभिले, तेव्हा प्रथम त्यांनीही शिकलेल्या परिचारिकाच खेड्यांत पाठविल्या होत्या. गावाने त्यांना आपले मानले नाही, तेव्हा या दांपत्याने गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि पुष्कळशा दलित, स्त्रियांना हाताशी धरून शिकविले, कारण कोणत्या घरची सून उपाशी निजते हे त्यांना पाहणीवाचून ठाऊक असे. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या अल्पशिक्षित आरोग्यदूतांनी ३९ गावांत नवजात अर्भकांची घरी राखण केली, आणि तेथील नवजात अर्भकांच्या मृत्यूंचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ साली आलेली 'आशा' ही आरोग्य कार्यकर्ती, दर हजार वस्तीमागे एक आणि त्याच गावची रहिवासी, ही याच परंपरेतली.

पण 'त्याच गावची' ही अट जितकी शहाणपणाची तितकीच, गावच चालू लागले की, लंगडी पडते. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि एरवी बांधकामावर जाणारी टोळी कोणत्याच आशेच्या हद्दीत पुरती येत नाही. तिची शिरगणती मुकादमाच्या वहीत, उचलीच्या हिशेबाने आणि नवरा-बायको मिळून एक कोयता या मापाने होत असते. ज्या १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना विनामूल्य वैद्यकीय सोय देण्याची जबाबदारी कायद्याने ठेकेदारावर टाकली. आमच्या मागच्या शेडपर्यंत तो कायदा चालत आलेला मला तरी दिसला नाही. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे खरे, पण ते इस्पितळात दाखल होणाऱ्यास. अंगात रक्त नसलेल्या बाईला साध्या तपासणीस जायचे म्हणजे दिवसाचा खाडा, आणि खाड्याचा विमा कोणी उतरवीत नाही.

म्हणून मला वाटते, शिकवायची तर टोळीतलीच एखादी बाई शिकवावी, म्हणजे ती जाईल तेथे तिची विद्याही मुक्काम करील. बीडमध्ये ऊसतोड स्त्रियांतून आरोग्य सखी तयार करण्याचा प्रयत्न झालेला आहे. तो बांधकामावर का येऊ नये?

तूर्त मात्र या दोन मुली होत्या आणि त्यांचा छापील तक्ता होता. 'येथील वास्तव्य' या रकान्यात महिने भरायचे होते. मी विचारले, तर बाई म्हणाली, "स्लॅब पडस्तोवर." मी त्याचे कन्नड करून सांगितले. मुलीने लेखणी उचलली, रकान्याकडे पाहिले, वही मिटली, आणि स्लॅब कधी टाकणार हे विचारायला ती मिस्त्रीच्या शोधात वर गेली.