मित्रबुरशी हवी, पण ती जिवंत हवी

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की ऊसपट्ट्यातील कडुनिंब आणि बाभळींवर तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेऱ्यांचे थवे उतरतात. पाला खाऊन मादी पहाटेपूर्वी जमिनीत शिरते व अंडी घालते. त्यांतून निघणारी हुमणी पुढे तीन-चार महिने मुळे कुरतडीत राहते. ऊस पिवळा पडून सहज उपटू लागतो तेव्हा शेतकऱ्याला संकटाची जाणीव होते. परंतु तोवर अळी थोराड झालेली असते आणि उपायाची वेळ बहुधा टळलेली असते.

या शत्रूविरुद्ध आजवर आपली मुख्य भिस्त विषावर होती. दाणेदार फोरेट हे त्यांतले सर्वांत परिचित. मातीला, पाण्याला आणि माणसालाही घातक ठरलेल्या या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आली. त्यापूर्वी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले आणि शेकडोंना रुग्णालयात जावे लागले. विषावाचून दुसरा मार्ग नाही, ही समजूत किती महाग पडते हे त्या वर्षाने दाखवून दिले. साहजिकच उपयुक्त बुरशी आणि कीटकभक्षी सूत्रकृमी यांच्याकडे कृषी विद्यापीठांचे व शासनाचे लक्ष अधिक वळले. ही दिशा योग्यच आहे. प्रश्न आहे तो तिच्यावरून चालण्याची आपली तयारी आहे काय, हा.

या उपायाचे शास्त्र नवे नाही. रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो, हे इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली सिद्ध केले. बिव्हेरिया बॅसियाना हे नाव त्यांचेच स्मारक आहे. पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले एली मेचनिकॉफ यांनी १८७९ मध्ये गव्हावरील भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर मेटारायझियम या बुरशीचा प्रयोग केला. या बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, अंकुरतात, आत शिरतात आणि अळीचे शरीर पोखरून टाकतात. सूत्रकृमींची रीत वेगळी. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही १९९२ साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून वर्णिलेली आपल्याच देशातील जाती. हा सूक्ष्म कृमी अळीच्या शरीरात शिरतो आणि आपल्या पोटातले जिवाणू तेथे सोडतो. एक-दोन दिवसांत अळी मरते, तिच्या कलेवरात कृमींची नवी पिढी वाढते आणि दुसऱ्या अळीच्या शोधात मातीत पसरते. विष वापरताच संपते. हे औषध अनुकूल परिस्थितीत स्वतःच वाढते.

त्याचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही याच एका गुणात आहेत: ते जिवंत आहे. उन्हाच्या तडाख्याने बीजाणू मरतात, कोरड्या मातीत सूत्रकृमी हलू शकत नाहीत आणि रासायनिक बुरशीनाशक याच द्रावणात मिसळले तर शेतकरी आपल्याच मित्राचा घात करतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतातून, मातीत ओल असताना आणि अळी लहान असतानाच हे औषध दिले पाहिजे. आठवडाभरात शेत निर्मळ करण्याची हमी ते देत नाही.

येथेच आपली व्यवस्था उघडी पडते. विषाचा व्यापार ज्या रीतीने चालला, त्याच रीतीने जिवंत जिवांचाही चालावा, असे आपण गृहीत धरले आहे. मेटारायझियम किंवा बिव्हेरियाच्या भुकटीत ग्रॅममागे किमान दहा कोटी जिवंत बीजाणू असावेत, असा नोंदणीचा दंडक आहे. कारखान्यातून निघताना तो पाळला गेला, तरी तीच पिशवी भर उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर त्यांतले किती जिवंत उरले, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? मेलेली बुरशी डोळ्यांना जिवंत बुरशीसारखीच दिसते. शिवाय जैविक या नावाखाली रासायनिक विष मिसळून विकण्याचे प्रकारही देशात उघडकीस आले आहेत. अशा मालाने एकदा फसलेला शेतकरी व्यापाऱ्याला नव्हे, शास्त्रालाच खोटे ठरवितो आणि पुन्हा जहाल विषाकडे वळतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

यावर रसायनांवर सरसकट बंदी हा उपाय काहीजण सुचवितात. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खते व कीटकनाशकांची आयात एकाएकी बंद केली आणि त्याच वर्षी शेतीचा बोजवारा उडताना पाहून माघार घेतली. पर्याय उभा करण्याआधी जुना आधार काढून घेणे म्हणजे धोरण नव्हे.

याउलट एक आश्वासक उदाहरण आपल्याच पदरी आहे. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा उतरला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पसरला. तेव्हा डिफा व मायक्रोमस हे मित्रकीटक वाढवून शेतोशेती सोडण्यासाठी संशोधन संस्था, विद्यापीठे आणि साखर कारखाने एकत्र आले, आणि मावा आटोक्यात आला. तेथे यश मिळाले ते संघटनेमुळे; बाटलीमुळे नव्हे.

हुमणीबाबतही हाच धडा लागू पडतो. भुंगेऱ्याला बांधाची मर्यादा ठाऊक नसते. एकट्याने आपले शेत सांभाळले आणि शेजाऱ्याच्या बांधावरील बाभूळ तशीच राहिली, तर पुढच्या वळवाला संकट पुन्हा हजर. म्हणून भुंगेरे वेचण्याची मोहीम गावाने एकाच वेळी हाती घेतली पाहिजे. बुरशी व सूत्रकृमींचे उत्पादन मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्था, साखर कारखाने व कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकरवी त्या त्या भागातच व्हावे; म्हणजे ताजा माल पावसाच्या मुहूर्तावर हाती पडेल. नमुने कारखान्याच्या दारी नव्हे तर दुकानाच्या फळीवरून उचलून तपासावेत आणि निकाल प्रसिद्ध करावेत. मृत माल विकणाऱ्याला बनावट औषध विकणाऱ्याइतकाच दोषी मानावे.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. फवारलेल्या विषाचा अंश भाजीबरोबर शहरातल्या ताटात येतो आणि त्या विषाने पडलेला मजूर सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर येतो. मातीतले मित्र आपल्या बाजूने लढण्यास केव्हाही तयार आहेत. त्यांना शेतापर्यंत जिवंत पोहोचविण्याइतकी प्रामाणिक व्यवस्था उभारणे, एवढेच काम माणसांकडे उरले आहे. आणि तेच अद्याप झालेले नाही.