मूळ खेळ कुठे आहे?

‘पान्झर ड्रॅगून’ या व्हिडिओ गेमचा रीमेक हा त्या खेळाचा जीर्णोद्धार नाही. मूळ खेळ बाजूला सारून त्याच्या नावावर केलेली ती विक्री आहे, आणि जुन्या खेळांवर जीव असणाऱ्यांनी तिचं कौतुक करण्याचं काही कारण नाही.

मूळ खेळ सेगाच्या टीम अँड्रोमेडाने १९९५ मध्ये कंपनीच्या सॅटर्न या कन्सोलसाठी बनवला. दिग्दर्शक होते युकिओ फुतात्सुगी. प्रकार रेल शूटरचा, म्हणजे उडण्याची वाट आधीच ठरलेली. खेळणाऱ्याच्या हाती फक्त नेम आणि चारी दिशांना फिरणारी नजर. बटण दाबून शत्रूंवर एकामागून एक नेम धरायचे, बोट उचललं की ड्रॅगनच्या तोंडून किरण सुटतात. सॅटर्नची ताकद बेताची होती. तेवढ्यात या मंडळींनी पहिल्याच टप्प्यात बुडालेल्या शहराचे अवशेष आणि भोवती नुसतं पाणी उभं केलं. इथली माणसं कधीच संपली, हे कोणी बोलून दाखवत नाही. ते त्या ओसाडपणातूनच समजतं. तो ओसाडपणा म्हणजेच हा खेळ, असं माझं ठाम मत आहे.

पोलंडच्या मेगापिक्सेल स्टुडिओने केलेला रीमेक मार्च २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला. त्यांनी नेमका तो ओसाडपणाच बुजवला. जिथे काही नव्हतं तिथे झाडोरा आला, बारीकसारीक तपशील आले, झगमगता उजेड आला. चित्रं देखणी आहेत, पण जग मेलेलं वाटत नाही. शिवाय सुरुवातीच्या आवृत्तीत नेम इतका जड होता की तो पुढच्या अपडेटमध्ये सुधारावा लागला. नेमबाजीच्या खेळात नेमच मागाहून दुरुस्त होत असेल, तर बनवणाऱ्यांचं लक्ष कशावर होतं ते उघड आहे.

जुनी ग्राफिक्स आजच्या मुलांना चालणार नाहीत, असं सांगितलं जातं. मग दोन्ही द्या! सेगानेच २००२ मध्ये एक्सबॉक्सवर ‘पान्झर ड्रॅगून ऑर्टा’ आणला, तेव्हा त्याच डिस्कवर १९९५ चा अख्खा खेळ बक्षीस म्हणून ठेवला होता. रीमेकसोबत तो नाही. अडचण तंत्राची नव्हती, इच्छेची होती.

मी नारायण पेठेत राहतो. इथे वाडा पाडून इमारत उभी राहते आणि कमानीवर वाड्याचंच नाव लागतं. या रीमेकने तेच केलं आहे. याच पेठेत टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडांकडून घेतलेला केसरीवाडा आजही आहे, म्हणून तिथे जाऊन उभं राहता येतं. आणि मूळ प्रती जळाल्या की काय होतं, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या वारशाचा केवढा तरी भाग राख झाला. त्या फिल्म्स पुन्हा छापता येणार नाहीत. खेळांचंही असंच होतं. याच मालिकेतल्या १९९८ च्या ‘सागा’चा सोर्स कोड हरवल्याचं गेमिंगच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे हे नुकसान जास्त लागतं. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत कार्ट्रिजवाली स्वस्त यंत्रं होती, सॅटर्न एखाद्याच घरी. त्यामुळे इथल्या बहुतेकांची या खेळाशी पहिली ओळख रीमेकमधूनच होणार आणि तोच खरा, असं ते धरून चालणार. फुतात्सुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय घडवलं होतं, ते या खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचणारच नाही.

सेगाने १९९५ चा खेळ, जसा होता तसा, रीमेकच्या सोबत द्यावा. तोवर हा रीमेक विकत घेऊ नका.