झाड ओळखा, मग बोला



इंग्रजीत अंबाडीही ‘हेम्प’, तागही ‘हेम्प’ आणि भांगही ‘हेम्प’. आपल्या बोलीत तिघांना तीन नावं आहेत. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गुन्हा आहे तो गांजा-भांगेचं झाड लावण्याचा, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. अंबाडी-तागाचा त्यात संबंध नाही. अंबाडी कपाशीच्या कुळातली, ताग शेंगवर्गातला.

अंबाडीचं पान भांगेसारखं दिसतं, म्हणून फूल पाहा. अंबाडीचं मोठं, भेंडीसारखं पिवळसर, मध्ये गर्द लाल. भांगेचं बारीक, हिरवट.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्यानं ज्वारीच्या तासात अंबाडी खुशाल पेरावी. भाजी खावी, दोर वळावा. कोणी बांधावर येऊन दरडावलं तर उपटून टाकू नका. फूल दाखवा, पंचनाम्यात झाडाचं नाव लिहायला लावा. शेतकऱ्याला गुन्हेगार म्हणण्याआधी सरकारनं झाड ओळखायला शिकावं.