कोपर वाकडं राहिलं, 'चालतंय' कसं?

डहाणू-तलासरीत भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर धावणारे कमी नाहीत. सैन्यभरतीच्या मेडिकलमध्ये हात सरळ करायला लावून काय बघतात, ते त्यांना विचारा. कोपराचा कोन! पहिलीत असताना चिकूच्या झाडावरून पडून मोडलेला हात बारा-तेरा वर्षांनी तिथे आडवा येऊ शकतो.

लहान मुलांचं दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं, बहुतेक पाच ते सात या वयात, हात टेकून पडल्यावर. "पोराचं हाड आहे, होईल सरळ," असं घरोघरी म्हणतात. मनगटाजवळ हे बऱ्यापैकी खरं आहे, कोपराजवळ नाही. दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे उरते जेमतेम 20. म्हणून तिथला बाक सहसा तसाच राहतो. रोजचं काम फारसं अडत नाही, म्हणून कुणी बोलत नाही इतकंच.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचं फ्रॅक्चर आणखी लबाड. कधी सूज कमी असते, मग 'मुरगळलंय' म्हणून सोडून देतात. हाड जुळलंच नाही तर हात बाहेर वाकत जातो, आतली नस ताणली जाते आणि कित्येक वर्षांनी करंगळी बधिर पडते. तुमची पडतेय का? मग लहानपणी काय झालं होतं ते आईला विचारा, आणि डॉक्टरांना सांगा.

आता हाडवैद्य. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पाड्यावरून तालुक्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि हाडवैद्य शेजारीच असतो. माझा राग कामट्यांवर नाही, करकचून बांधण्यावर आहे. रक्त अडलं की काही तासांत स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. फोल्कमन या जर्मन सर्जनने 1881 मध्येच हे लिहून ठेवलंय. दवाखान्यातलं प्लास्टर घट्ट झालं तरी हेच होतं बरं! आणि तेल चोळून कोपर जबरदस्तीने सरळ करणं तर बंदच करा, त्याने ते जास्त आखडतं.

घरात शिकलेले तुम्हीच, तेव्हा धाकट्याच्या एक्स-रेचा हट्ट तुम्हीच धरायचा. 108 ला पैसे पडत नाहीत. रात्री त्याची बोटं गार, पांढरी वाटली, किंवा बोट जरा सरळ केल्यावर तो किंचाळला, तर पट्टी सैल करा आणि तेव्हाच निघा. सकाळच्या एसटीची वाट बघू नका.